धावेच्या तळाची ओळ

मी मोटेचं चाक बोलतोय. तुझं लक्ष गेलं नसेल, विहिरीकाठच्या गवतात कोण बघतं. बस जरा. पाणी विचारू नकोस. विहिरीत आहे, पण वर काढणारं कुणी नाही.

मी जन्मानं बाभूळ. वालूरहून जिंतूरकडं जाणाऱ्या गाडीवाटेला हा मळा आहे, त्याच्याच बांधावर मी उभा होतो. आबासाहेबांनी विहीर बांधून काढली तेव्हा लिंबाजी सुताराला बोलावलं आणि माझ्याकडं बोट केलं. लिंबाजीनं बुंध्यावर हात ठेवला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि मग कुऱ्हाड घातली. मला सावलीत वाळवलं, गोल केलं, मधून लोखंडी आस घातला आणि विहिरीच्या तोंडाशी दोन खांबांत बसवलं. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. राज्याचं मला काही कळत नव्हतं. मला फक्त नाडा कळायचा.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांना सांगतो. कातड्याची मोठी पखाल, ती मोट. तिचा जाड दोर तो नाडा. नाडा माझ्या अंगावरून जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बैल. विहिरीपासून खाली उतरत गेलेली वाट, ती धाव. बैल धावेनं खाली चालले की मोट भरून वर येते, काठावरच्या दगडी थारोळ्यात ओतते आणि पाणी पाटानं मळ्यात जातं. मग बैलांनी उलट्या पावली धाव चढायची, म्हणजे रिकामी मोट परत खाली. पुढं कुठलाही बैल चालतो. मागं सरायला मात्र त्याला शिकवावं लागतं, आणि तो एका ठरलेल्या शब्दावरच शिकतो. शब्द ज्याचा त्याचा. कुणी 'हो मागं' म्हणतं, कुणी जिभेनं टाळूवर आवाज काढतं. एकदा अंगात मुरला की तो शब्द बदलत नाही.

आबासाहेबांना दोन मुलं. थोरला बन्सीधर घरचं, बाजारचं, तहसिलीचं बघायचा. धाकटा आश्रुबा मोट हाकायचा. आश्रुबाचं लग्न झालं आणि बायको आली ती पिंगळीची. आपल्याकडची रीत तुला ठाऊक असेल, सासरी बाईचं नाव कुणी घेत नाही, तिच्या गावावरून हाक मारतात. तिला सगळे पिंगळीकरीण म्हणायला लागले. माहेरचं चतुरा हे नाव पिंगळीच्या वेशीवरच राहिलं.

त्याच साली बैलजोडी नवी आणली होती. तांबडा तो खैऱ्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो चांद्या. दोघं अजून कोवळे, मोटेला कधी जुंपलेले नाहीत. आश्रुबा त्यांना शिकवायला लागला. पिंगळीकरीण पार मळ्याच्या दुसऱ्या टोकाला दारं धरून उभी असायची, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायची. आबासाहेब आंब्याखाली बाजेवर बसलेले असायचे. नव्या नवरा-बायकोनं दिवसाढवळ्या एकमेकांशी बोलायचं म्हणजे काय? घरातसुद्धा आश्रुबा तिला 'अगं' म्हणायचा, तेही इकडं तिकडं बघून.

पण तिला हाक मारायची हौस तर होती. मग त्यानं एक गाणं जुळवलं. बैल धावेनं खाली निघाले की तो नाड्यावर बसून मोकळ्या गळ्यानं म्हणायचा:

'चाल खैऱ्या, चाल चांद्या, चाल धावेच्या खाली,
तहानलेल्या मळ्याला रं पान्याची आस लागली.'

एवढंच गाणं. मी वरून कुईकुई करत त्याला साथ द्यायचो. ते दूरवर जायचं, वाफ्यांपर्यंत, गाडीवाटेपर्यंत. मग मोट थारोळ्यात ओतायची, माझी कुरकुर थांबायची, आणि धावेच्या तळाशी, बैलांच्या कानाजवळ वाकून, तो अगदी खालच्या आवाजात शेवटची ओळ म्हणायचा:

'चतुरा, पानी आलं गं.'

'चतुरा' म्हटलं की तो जू हलकेच मागं ढकलायचा. बैल तेवढंच शिकले. ते नाव कानावर पडलं की मागं सरायचं.

ही ओळ आंब्याखाली ऐकू जात नव्हती, वाफ्यांत तर नाहीच. पण नाडा ताणलेला असला की धावेच्या तळाचा शब्द दोरातून माझ्या लाकडात उतरायचा. दोन बैल, एक चाक आणि तो स्वतः, एवढ्यांनाच ती ओळ ठाऊक. तिला पाणी पोचायचं. तिचं नाव नाही.

वाटेनं वालूरचे बसवंतअप्पा कापसाची गाडी घेऊन जायचे. जातीनं लिंगायत, व्यापारी माणूस, बोलायला फटकळ. एकदा त्यांनी गाडी थांबवली आणि गाणं ऐकत बसले. आश्रुबानं बघितलं तर अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते.

'अप्पा, माजं गाणं इतकं वाईट हाय का?' आश्रुबा म्हणाला.

'वाईट न्हाई रे. तू गातोस बैलावर, अन् मला आमची कारभारीण, नीलम्मा, आठवायलीय.'

'त्या तर गाणं म्हनत न्हवत्या.'

'न्हवती म्हनत. कधी म्हनली न्हाई.' अप्पा म्हणाले, 'ती गेली तवा आमच्या लोकांनी लय भजनं म्हनली. तिला बसवून वाजतगाजत नेलं, ह्याच वाटेनं. तवा मला रडू आलं न्हाई. आता येतंय. तुज्या बैलाला सांग, जरा हळू चाल म्हनावं.'

आश्रुबा हसला. अप्पाही हसले आणि गाडी हाकून गेले. मला तेव्हा काही उलगडा झाला नाही. त्या गाण्यात रडण्यासारखं होतं काय? दोन बैल, एक मळा आणि पाणी.

आबासाहेब म्हातारपणानं गेले. बाज रिकामी झाली. आता आश्रुबाला मोठ्यानं हाक मारायला कुणाची भीती नव्हती. पण एवढ्या दिवसांची सवय. शेवटची ओळ खालच्या आवाजातच राहिली. मूलबाळ झालं नाही त्यांना. दोघं थोडी गप्प गप्प झाली होती, पण मोट चालू झाली की मला कळायचं, त्याच्या बाजूनं काही आटलं नव्हतं.

मग मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना, लोक उजेड असेपर्यंत जेवून घ्यायला लागले. त्यातल्याच एका साली दिवाळीनंतर आश्रुबा जत्रेला गेला आणि पटकी घेऊन आला. सकाळी गाडीतून उतरवला आणि दिवस मावळायच्या आत संपला. जीभ कोरडी पडली होती, काही बोलता आलं नाही. हे मी पाहिलं नाही. मला एवढंच कळलं की त्या दिवशी नाडा ताणला गेला नाही.

गहू नुकता वर आलेला. पाणी दिल्याशिवाय तो तगणार नव्हता. बन्सीधरनं आपला सालगडी मोटेवर पाठवला. बैल धावेनं खाली गेले, मोट वर आली, ओतली. सालगडी म्हणाला, 'हो मागं.' बैल उभे. त्यानं शेपट्या पिरगाळल्या, चाबूक ओढला. खैऱ्याच्या पाठीचं कातडं नुसतं थरथरलं. दोघं कान टवकारून उभे होते. ते शब्दाची वाट बघत होते.

संध्याकाळी बन्सीधर मळ्यात आला. पिंगळीकरीण पदर पुढं ओढून बांधावर उभी होती.

'बैल बिघडले,' बन्सीधर म्हणाला. 'माणूस गेलं की जनावर बिघडतं. बाजारात घालतो मी. मळा पुढल्या सालापास्नं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊ.'

'मग मी?' तिनं विचारलं.

'तुला का कुणी हाकलायलंय? पण इथं राहून करशील काय? मायकडं जा. चार दिस बरं वाटंल.'

तिला कळलं होतं, ते चार दिवस कधीच संपणार नव्हते. या मळ्यातला वाफा न् वाफा तिनं हातानं ओढलेला होता. नवऱ्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते इथंच होतं, ह्या दोन बैलांत आणि ह्या पाण्यात.

'दादा, मी हाकते मोट,' ती म्हणाली. 'गव्हाला पानी दिलं तर बैल राहू द्या. मला बी राहू द्या.'

बन्सीधर वाईट माणूस नव्हता. 'बाईमाणसानं मोट हाकलेली मी पाहिली न्हाई,' तो म्हणाला. 'बरं. संक्रांतीपस्तोर बघू.'

दुसऱ्या दिवशी ती कासोटा घालून धावेवर उभी राहिली. वाटेनं गावातली दगडाबाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. 'नवरा गेला अन् मोट हाती आली,' ती बरोबरच्या बाईला ऐकू येईल असं म्हणाली. 'उद्या मिशा लावून बसंल.' चतुरानं ऐकलं आणि पदर खोचला.

हो, मी तिला चतुराच म्हणतो. मला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

तिनं बैलांना पुचकारलं आणि त्याचं गाणं म्हटलं. इतकी वर्षं लांबून ऐकलेलं, तिला चाल पाठ होती. बैलांनी मान वर केली आणि आपणहून चालू लागले. मीसुद्धा कुईकुई केली. क्षणभर मला वाटलं, सगळं जागेवर आलं. मोट वर आली, ओतली, मी थांबलो. आणि तीही थांबली. तिचं गाणं तिथंच संपत होतं. वाफ्यात ऐकू यायचं तेवढंच तिला ठाऊक होतं.

बैल उभे राहिले.

'मागं रे,' ती म्हणाली. 'सर रे राजा मागं. हो मागं. चल की रे.' मग तिनं गाणं पुन्हा म्हटलं. खैऱ्यानं तिच्याकडं मान वळवली. 'काय म्हनायचा रे तुमचा मालक?' ती त्याच्या गळ्याला हात घालून विचारायला लागली. 'मला सांग की. मला न्हाई सांगितलं त्यानं.'

मला ठाऊक होतं. अरे, मला ठाऊक होतं. माझ्या लाकडात ते नाव इतकं मुरलं होतं की लिंबाजीनं मला चिरलं असतं तर आत तेच निघालं असतं. पण चाकाला तोंड नाही. कुईकुई आहे फक्त.

मग ती काय करायची, तर तळाशी नाडा सोडून मोट खाली जाऊ द्यायची, बैल वळवून चालवत वर आणायची आणि पुन्हा जुंपायची. मधे पळत जाऊन वाफ्यातलं पाणी फिरवून यायची. तोवर बैल धावेत रवंथ करत उभे. दिवसभरात जेमतेम विहिरीजवळचे वाफे भिजायचे. पलीकडचा गहू पिवळा पडत चालला.

मी माझ्यापरीनं खूप केलं. नाडा फिरायला लागला की अंग आवळून घ्यायचो, आसावर घासून घ्यायचो. मला वाटायचं, तीन अक्षरंच तर आहेत, निघतील. एक दिवस ती थबकली, माझ्याकडं बघत राहिली. माझ्या जिवात जीव आला. ती घरी गेली, एरंडेलाची बुधली घेऊन आली आणि मायेनं माझ्या आसावर तेल सोडलं.

'कोरडा पडलास,' ती म्हणाली. 'तुजं बी कोन बघनार आता.'

तेल आत मुरलं आणि होता तो आवाजही गेला.

संक्रांत झाली. बन्सीधरनं मळ्याला चक्कर मारली, पलीकडचे वाफे पाहिले आणि परत फिरला. जिंतूरच्या बाजूचे व्यंकटराव जोडी बघायला आले. सौदा इथंच, आंब्याखाली झाला. दोघांनी हात पुढं केले, वरून रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून काय ते ठरवलं. तोंडानं कुणी आकडा बोललं नाही. रुमाल काढला की सौदा पक्का. मग सख्ख्या भावानं सांगितलं तरी तो फिरत नाही. उद्या येऊन जोडी नेतो म्हणून व्यंकटराव गेले.

चतुरा धावेवर होती. तिनं रुमाल उचललेला पाहिला. तरी तिनं बैल सोडले नाहीत. उन्हं कलायला लागली होती. मोट नुकतीच ओतली होती, बैल तळाशी उभे होते आणि ती नाडा सोडायला वाकली होती.

तेवढ्यात गाडीवाटेनं एक म्हातारी बाई आली. तिची आई, कमलबाई. जावई गेला तेव्हा ती तापानं अंथरुणात होती, दहाव्यालाही आली नव्हती. आता बन्सीधरचा निरोप मिळाल्यावर लेकीला न्यायला आली होती. आपल्याकडं मरणानंतर पहिली भेट झाली की बायका सूर धरून रडतात, त्या सुरातच गेलेल्याचं आणि राहिलेल्याचं सगळं येतं. कमलबाईनं बांधावर पाय ठेवला, लेकीचं मोकळं कपाळ पाहिलं आणि तिथूनच हेल काढला.

'चतुरा गं माज्या बाई, तुजं कुंकू कुनी नेलं गं, चतुरा…'

बैल मागं सरले.

चतुरा नाड्याबरोबर ओढली गेली आणि गुडघ्यावर पडली. खैऱ्या आणि चांद्या उलट्या पावली, शिस्तीत, मान खाली घालून धाव चढत होते. मी फिरत होतो. मोट विहिरीत उतरली आणि पाण्याला लागल्याचा आवाज आला.

कमलबाईला काही कळलं नाही, ती रडतच होती. चतुरा उठली. बैलांजवळ आली. तिनं गाणं म्हटलं नाही, नुसता हात लावून त्यांना खाली नेलं. मोट ओतली. सगळं गप्प झालं. मग ती खैऱ्याच्या कानाशी वाकली, जिथं तो वाकायचा तिथंच, आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाचं घ्यावं तसं तिनं स्वतःचं नाव घेतलं.

बैल मागं सरले.

ती धावेत खाली बसली.

मग उठून बन्सीधरकडं गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. ती परतली तेव्हा तो तिच्या मागोमाग मळ्यात आला. त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बैल मागं सरताना पाहिले.

'सौद्याआधी का न्हाई दाखवलंस हे?' तो म्हणाला.

'तवा मला ठाऊक न्हवतं, दादा.'

'मी रुमालाखाली बोट धरलंय, बाई. आता माजी जबान गेली.' त्यानं डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 'काय म्हनतीस गं तू त्यांस्नी?'

तिनं पदर पुढं ओढला. थोरल्या दिरासमोर कसं सांगायचं.

कमलबाईनं डोळे पुसून खोरं उचललं. 'गहू तर उभा हाय,' ती म्हणाली. 'तू हाक. मी दारं धरते.'

त्या दिवशी उजेड असेपर्यंत मोट चालली. चतुरानं गाणं म्हटलं, त्याच चालीत, मोकळ्या गळ्यानं. पाटातून पाणी पलीकडच्या वाफ्यांपर्यंत पोचलं, पिवळ्या गव्हाच्या मुळाशी गेलं. प्रत्येक मोटेला ती तळाशी वाकून आपलं नाव घेत होती. ज्या जागी उभी राहून ते नाव तिनं ऐकायचं होतं, तिथं आता तिची आई उभी होती. आणि आईलाही ते ऐकू जात नव्हतं.

कमलबाई खोरं टेकवून थांबली. 'काय गं म्हनतीस हे?' तिनं लांबून ओरडून विचारलं. 'लग्नातल्यावानी तर गानं हाय. मग माज्या डोळ्याला पानी का यायलंय?'

मला तेव्हा बसवंतअप्पा आठवले. मी या वाटेनं गेलेली रडगाणी खूप ऐकली आहेत. सूर धरून रडणाऱ्या बायका, भजन म्हणत माणूस पोचवायला चाललेले लोक. ती गाणी रडण्यासाठीच केलेली असतात. त्यांत रडायचं, पाणी मारायचं तोंडावर आणि घरी जायचं. पण जे गाणं रडण्यासाठी केलेलंच नव्हतं, कुणीतरी सुखात असताना गंमत म्हणून जुळवलेलं, ते मागं राहिलं की त्याचं काय करायचं? त्याला पाणी मारता येत नाही. मला यापलीकडं सांगता येणार नाही, मी लाकूड आहे.

सकाळी व्यंकटराव आले. बैलांचे कासरे हातात घेतले. निघताना त्यांनी रीतीनं विचारलं, 'मागं सरायला काय बोली हाय ह्यांची?'

बन्सीधरनं तिच्याकडं पाहिलं. ती पदर ओढून आंब्याच्या बुंध्याशी उभी होती.

सांगितलं नसतं तर चाललं असतं. व्यंकटरावांनी चार चाबूक ओढले असते, आठ ओढले असते, आणि मग कधीतरी बैल दुसरा शब्द शिकले असते किंवा खाटकाकडं गेले असते. सांगितलं तर परक्या गावात, परक्या विहिरीवर, परका माणूस दिवसभर तिचं नाव घेणार होता. तिनं खैऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. सालगड्याच्या चाबकाचे वळ अजून दिसत होते.

'चतुरा म्हना,' ती म्हणाली. 'हळू म्हना. वरडू नका.'

'चतुरा,' व्यंकटरावांनी म्हणून पाहिलं. बैल एक पाऊल मागं सरले. ते हसले. 'झ्याक हाय की. कुनाचं नाव हाय हे?'

'हुतं एका बाईचं.'

जोडी वाटेला लागली. चांद्यानं वळणावर एकदा मान फिरवली, मग झाडं आडवी आली. दुपारच्या गाडीनं मायलेकी पिंगळीला गेल्या.

गहू चांगला झाला म्हणतात. बन्सीधरनं कापून नेला. पुढं मळा बटईनं दिला, पण ह्या विहिरीवर मोट कुणी जुंपली नाही. बन्सीधरच नको म्हणाला. मोटेचं कातडं वाळून चिरलं, नाडा उंदरांनी नेला. एका पावसाळ्यात माझा एक खांब खचला आणि मी इथं गवतात आलो. परवा ह्या वाटेनं माणसं झेंडा घेऊन गेली. निजामाचं राज्य गेलं, असं ओरडत होती. गेलं असेल. चांगलं झालं असेल. माझ्या अंगावरून त्या दिवसापासून काहीच फिरलेलं नाही.

बसवंतअप्पा अजून जातात इथून. पिंगळीच्या टेसनावर त्यांना ती दिसली होती, हे ते गाडीवानाला सांगत होते. म्हणाले, माहेरी सगळे तिला नावानंच हाक मारतात, पण ती लगेच ओ देत नाही. आधी लांब शेताकडं बघते.

तर बाबा, जा आता. दिवस कलला. जिंतूरच्या बाजूला गेलास आणि एखाद्या विहिरीवर कुणी बाईचं नाव घेऊन बैल मागं सारताना दिसला, तर हसू नकोस, आणि त्याला काही सांगूही नकोस. त्याला सांग एवढंच, हळू म्हण. आणि पिंगळीला गेलास तर तिच्या दारावरून गुपचूप जा. तिला नावानं हाक मारू नकोस.